कॅनडातल्या हिवाळ्यात गाडी धुणं आणि गंजापासून जपणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा रत्नागिरीचा. खारं वारं खिडकीचे गज, सायकलची चेन, स्कूटरचा पत्रा कसा खातं हे लहानपणापासून बघत आलो. तरीसुद्धा टोरोंटोजवळ राहायला आल्यावर पहिली सेकंडहँड गाडी मी गंजाने घालवली, कारण इथे मीठ हवेतून येत नाही, रस्त्यावरून थेट गाडीच्या पोटाला लागतं, हे मला कळायला उशीर झाला. नोव्हेंबर उजाडला की नव्याने आलेली मंडळी फोन करून जे विचारतात, ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. माहिती इथल्या ओंटारिओ प्रांतातली आहे. क्युबेक, मिशिगन किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे राहणाऱ्यांनाही ती जवळपास तशीच लागू पडेल.

रस्त्यावर नेमकं काय टाकतात?

बर्फ वितळवायला, मुख्यतः खडेमीठ. आपण लोणच्याला वापरतो तेच सोडियम क्लोराइड, फक्त न निवडलेलं आणि मातकट. ओंटारिओत ह्यूरॉन सरोवराच्या काठी गोडरिच नावाचं गाव आहे. तिथे १८६६ मध्ये तेल शोधायला बोअर मारली आणि निघालं मीठ. आज तिथली खाण सरोवराच्या तळाखाली साडेपाचशे मीटरच्या आसपास खोल आहे आणि जमिनीखालची जगातली सर्वांत मोठी मिठाची खाण म्हणून ओळखली जाते.

साधं मीठ साधारण उणे १० अंशांपर्यंत नीट काम करतं. त्याखाली ते फार मंदावतं. मग त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी मिसळतात. काही ठिकाणी बीटचा रसही घालतात, म्हणजे मीठ रस्त्याला धरून राहतं. बर्फ पडायच्या आधी कोरड्या रस्त्यावर एकमेकींना समांतर पांढऱ्या रेघा दिसतात, तो मिठाच्या पाण्याचा फवारा असतो. त्या रेघा दिसल्या की समजा, बर्फ पडो न पडो, आज गाडीला मीठ लागलंच.

थंडीत गंज जास्त चढतो का?

उलट आहे. कडाक्याच्या थंडीत गंजाची क्रिया फार हळू चालते. गंज चढायला लोखंड, पाणी आणि प्राणवायू लागतो. मीठ विरघळलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि ती क्रिया झपाट्याने पुढे सरकते. शिवाय क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडतं. ढोबळ मानाने तापमान दहा अंश वाढलं की अशा क्रियेचा वेग दुप्पट होतो. म्हणून उणे २० च्या दिवशी पांढरी झालेली गाडी बघून घाबरू नका. दोन दिवसांनी पारा २ अंशांवर आला आणि गाडीखालून पाणी ठिबकायला लागलं, की खरी काळजी तेव्हा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साधं मीठ हवेतला ओलावा ओढून पाझरायला लागतं ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड ३० ते ३५ टक्क्यांतच पाझरतात. म्हणजे रस्ता कोरडा आणि ऊन पडलेलं असलं, तरी गाडीच्या सांध्यांत ते ओलंच असतं. पावसाळ्यात आपल्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच.

मग गरम गॅरेजमध्ये गाडी ठेवणं चांगलं की वाईट?

धुतलेली गाडी ठेवणं चांगलं. मिठाने माखलेली गाडी रोज रात्री उबदार जागी नेणं वाईट. बर्फ वितळतो, खारट पाणी शिवणींत शिरतं आणि सकाळपर्यंत तिथेच राहतं. काँडोच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या, गरम पार्किंगला पर्याय नसेल तर धुण्याचा नेम जास्त काटेकोर पाळा, एवढंच.

किती दिवसांनी धुवावी?

दहा दिवस ते दोन आठवड्यांत एकदा, हा माझा नेम. पण कॅलेंडरपेक्षा हवामान बघा. मोठं वादळ होऊन गेलं, रस्त्यांवर मीठ पडलं आणि त्यानंतर पारा शून्याच्या आसपास आला, तो दिवस गाडी धुवायचा. रोज ४०१ या महामार्गावरून कामाला जाणाऱ्यांनी आठवड्याला धुतली तरी जास्त होणार नाही. ट्रकच्या मागे चालताना काचेवर जे राखाडी पाणी उडतं, तेच तितक्याच जोरात गाडीखालीही बसत असतं.

“उद्या परत बर्फ आहे, मग आज धुऊन काय उपयोग?”

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि मी दर वेळी तेच सांगतो. मीठ किती वेळ पत्र्याला लागून राहिलं, यावर गंज ठरतो. उद्या नवीन मीठ लागणार असलं तरी आजवरचं गेलेलं बरं.

किती थंडीत धुऊ नये?

उणे ५ च्या वर असेल तर निर्धास्त धुवा. उणे ५ ते उणे १० मध्ये बंदिस्त, गरम वॉशमध्ये, म्हणजे गाड्या धुण्याच्या केंद्रात जा आणि नीट पुसा. त्याखाली मी धुवत नाही. पाणी वाळायच्या आत गोठतं आणि दारं, कुलपं, वायपर, पेट्रोलच्या टाकीचं झाकण सगळं चिकटून बसतं. दुपारची वेळ धरा. संध्याकाळी सहाला धुऊन गाडी उघड्यावर लावली आणि रात्री पारा उणे १५ वर गेला, तर सकाळी त्रास ठरलेला.

कुठे धुवावी : ब्रशवाली, ब्रशशिवायची की नाणी टाकून स्वतः धुवायची?

इथे तीन प्रकार मिळतात. फिरत्या ब्रशची किंवा कापडाच्या झालरींची मशीन गाडी चकाचक करते, पण हिवाळ्यात त्या कापडांत आधीच्या पन्नास गाड्यांची वाळू अडकलेली असते. रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे पडतात, ते त्यामुळेच. टचलेस, म्हणजे नुसत्या पाण्याच्या आणि फेसाच्या जोरावर धुणारी मशीन, रंगाला सुरक्षित. मात्र हात न लावता मळ काढायचा म्हणून तिच्यातली रसायनं जरा तिखट असतात आणि वॅक्स लवकर उतरवतात.

माझी पसंती तिसऱ्याला. खोलीत गाडी उभी करायची, पैसे टाकायचे आणि हातात पाण्याची नळी घेऊन स्वतः धुवायची. तिथे मीठ कुठे आहे ते तुम्हाला दिसतं. फक्त भिंतीवर टांगलेल्या फेसाच्या ब्रशला हात लावू नका. तुमच्या आधी कोणीतरी त्याने पिकअप ट्रकचे चिखलाचे टायर घासलेले असू शकतात.

वेळ नसेल किंवा गार पाण्यात उभं राहणं झेपत नसेल, तर टचलेसमध्ये जा आणि गाडीच्या पोटावर खालून फवारा मारणारा पर्याय मागून घ्या. वॅक्स, चमक, इंद्रधनुषी फेस या बाकीच्या पर्यायांचे पैसे वाचवा. पोटाच्या फवाऱ्याचे वाचवू नका.

खालून धुणं इतकं महत्त्वाचं का? वरचा रंग तर दिसतो ना!

दिसतो म्हणूनच आपण फसतो. माझी पहिली गाडी चंदेरी रंगाची होती. दर शनिवारी मी ती बादलीभर कोमट पाण्याने वरून धुवायचो, पुसायचो, कामावर लोक कौतुक करायचे. सहाव्या हिवाळ्याच्या शेवटी, मार्च महिन्यात, एका मॉलच्या पार्किंगमध्ये ब्रेक दाबला आणि पेडल भुसकन खाली गेलं. ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यातला एक शाबूत होता, म्हणून गाडी थांबली, पण थांबायच्या जागेपासून बरीच पुढे. उतरून बघितलं तर मागच्या चाकाजवळ तेलकट पाण्याचं थारोळं.

मेकॅनिकने गाडी वर उचलली आणि मला खाली बोलावलं. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्रेकच्या नळीवरून नुसतं फिरवलं, तर पापडाच्या चुऱ्यासारखे तांबूस पापुद्रे त्याच्या हातमोज्यावर पडले. ती नळी पेन्सिलपेक्षाही बारीक असते आणि तुमच्या मुलाबाळांचा जीव तिच्यावर असतो. त्या दिवसापासून मी गाडी धुताना आधी खाली वाकतो.

हा धोका काही माझ्या एका गाडीपुरता नव्हता. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१५ मध्ये मीठ टाकणाऱ्या राज्यांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना हेच बजावलं होतं : गाडी खालून धुवा आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घ्या.

स्वतः धुताना क्रम काय ठेवावा?

आधी खाली. चारही चाकांच्या वरच्या कमानीत आतून नळी फिरवा. तिथे वाळू, मीठ आणि बर्फाचा दगडासारखा गोळा बसलेला असतो, तो सुटेपर्यंत सोडू नका. मग दारांखालची आडवी पट्टी, जिला इथले गॅरेजवाले रॉकर पॅनेल म्हणतात. तिच्या खालच्या कडेवर पाणी मारा. पुढच्या आणि मागच्या बंपरच्या आतली बाजू, डिकीच्या दाराची खालची कड, मागच्या चाकांच्या पुढचा कोपरा या ठिकाणांहूनच बहुतेक गाड्या सडायला सुरुवात होते. खाली वाकून नळी आडवी धरा आणि पोटाच्या मधोमध पाणी जाऊ द्या.

त्यानंतर वरचा भाग, छतापासून खाली. नळीचं तोंड पत्र्यापासून हातभर लांब ठेवा. जवळून मारलं तर टवके उडालेल्या जागचा रंग आणखी सुटतो. वायरींच्या जोडांवर आणि बॉनेटखाली थेट जोराचं पाणी मारू नका.

शेवटी चारही दारं उघडून उंबऱ्यावरचं पाणी पुसा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायची छोटी भोकं असतात. ती मातीने बुजली की दाराच्या पोटात पाणी साठतं आणि दार आतून सडतं. आपल्या गच्चीच्या पन्हळीत पानं अडकली की जे होतं, तेच इथे होतं. आइसक्रीमच्या काडीने ती मोकळी करता येतात.

धुतल्यावर दारं गोठून चिकटतात. काय करावं?

दाराचं रबर आणि ते जिथे टेकतं ती पत्र्याची कड, दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा. एक मायक्रोफायबरचा पंचा गाडीतच ठेवा. हिवाळ्याआधी आणि मग महिन्यातून एकदा रबराला सिलिकॉनचा हात फिरवा. खोबरेल तेल लावू नका. ते थंडीत गोठतं, हे आपल्याला बाटलीवरूनच माहीत आहे.

दार चिकटलंच तर हिसका देऊन ओढू नका, रबर फाटतं. आधी बाहेरून तळहाताने कडेकडेने दाबा, बर्फाचा पापुद्रा तडकतो. नाहीतर दुसऱ्या दाराने आत शिरून हीटर लावा. कुलपासाठी बर्फ वितळवणारा छोटा स्प्रे मिळतो. तो घरात किंवा खिशात ठेवा. गाडीच्या आत ठेवलेल्या स्प्रेचा बाहेर उभ्या माणसाला उपयोग नाही.

आणि धुऊन आल्यावर कडाक्याची थंडी असेल तर हँडब्रेक ओढू नका. ओला ब्रेक गोठून चाक जागेवर धरतो. सपाट जागी पार्क गिअर पुरतो. वॉशमधून बाहेर पडताना मागे कोणी नाही हे बघून तीनचारदा हळूच ब्रेक दाबा, पाणी सुकतं.

काचेवरचा बर्फ गरम पाण्याने काढू का?

कधीच नाही. गार काचेवर गरम पाणी पडलं की काच तडकू शकते. वॉशरच्या टाकीत साधं पाणीही नको. उणे ४० अंशांपर्यंत न गोठणारं वॉशर फ्लुइड इथे सगळीकडे मिळतं. त्यात बहुधा मिथेनॉल असतं, ते विषारी आहे. मुलांच्या हाताला लागेल असं कॅन ठेवू नका.

घरी ड्राइव्हवेवर धुतली तर?

जानेवारीत अंगणातला नळ बंदच असतो, नाहीतर पाइप फुटतो. बादलीने धुतलं तर ड्राइव्हवेवर काचेसारखा बर्फ तयार होतो आणि घरातलंच कोणीतरी घसरून पडतं. शिवाय रस्त्याकडेच्या गटारातलं पाणी बहुतेक ठिकाणी शुद्ध न होता ओढ्याला आणि तिथून सरोवराला मिळतं. वॉश सेंटरचं पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत जातं. मला हे कारणही तितकंच मोठं वाटतं, कारण तेच सरोवराचं पाणी आपण पितो.

घरचं गॅरेज असेल आणि गाडी नुसती धुळकट असेल, तर रिन्सलेस नावाचं द्रावण बादलीत घालून मायक्रोफायबरने पुसता येते, नंतर पाणी ओतावं लागत नाही. पण मिठाचा आणि वाळूचा थर असताना हे करू नका. सँडपेपर फिरवल्यासारखं होईल.

वॅक्स, सीलंट की सिरॅमिक?

तिन्ही वरच्या रंगासाठी आहेत. खालच्या गंजाशी त्यांचा संबंध नाही. ऑक्टोबरात गाडी नीट धुऊन, वाळवून एक चांगला सीलंट लावला तर मीठ कमी चिकटतं आणि धुणं सोपं जातं. सिरॅमिक जास्त टिकतं, महागही आहे. ते परवडत नसेल तर गाडीचं काही बिघडत नाही. पण काहीही लावायच्या आधी रस्त्यावरच्या खड्यांनी उडालेले रंगाचे टवके शोधा आणि गाडीच्याच रंगाच्या टचअपने भरा. बॉनेटची पुढची कड आणि चाकांमागचा पत्रा तिरका उजेड धरून बघा, टवके लगेच दिसतात.

गंजरोधक फवारा मारून घ्यावा का? डीलर आणि बाहेरचे वेगवेगळं सांगतात.

माझं मत स्पष्ट आहे : गाडी पाच वर्षांहून जास्त ठेवणार असाल तर घ्या, आणि तेलाचाच घ्या. तीन वर्षांची लीज असेल तर नुसतं नियमित धुणं पुरेल.

बाजारात ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला पातळ तेलाचा. क्राउन, रस्ट चेक ही इथली ओळखीची नावं. हे तेल शिवणींत, पत्र्याच्या दुमडींत, नटबोल्टच्या आट्यांत सरपटत जातं आणि तिथलं पाणी हुसकावतं. ते दर वर्षी मारावं लागतं आणि साध्या गाडीला साधारण दीडशे ते दोनशे डॉलर पडतात. एकदोन दिवस ठिबकत राहतं, तेव्हा खाली पुठ्ठा टाका. दुसरा लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचा. तो जाडसर असतो आणि उडणाऱ्या पाण्याला जास्त टिकतो. खालच्या उघड्या भागांना चांगला, पण बारीक फटींत तितका शिरत नाही. तिसरा काळा डांबरासारखा किंवा रबरासारखा थर. नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर तो चालतो. पण एकदा त्याला चीर गेली की खारट पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. वरून काळंभोर गुळगुळीत, आत पत्र्याचं पीठ. जुन्या गाडीवर तो मारून घेऊ नका, आणि विकत घ्यायच्या जुन्या गाडीखाली ताजा काळा थर दिसला तर सावध व्हा.

फवारा मारायच्या आधी गाडी खालून धुऊन पूर्ण वाळलेली हवी. काही ठिकाणी दारांना आणि रॉकरला छोटी भोकं पाडून आत तेल मारतात आणि वर प्लास्टिकची बुचं लावतात. भोकं पाडली तर तुमच्या वॉरंटीचं काय होईल, हे आधी लेखी विचारून घ्या. ब्रेकच्या डिस्कवर आणि पट्ट्यांवर तेल जाता कामा नये.

वेळ ऑक्टोबरची सर्वांत चांगली. आपण दसऱ्याला गाडी धुतो, हार घालतो, लिंबू ठेवतो. त्याच आठवड्यात फवाऱ्याची वेळ घेऊन टाका. माझ्या घरी आता दोन्ही एकत्रच होतं, त्यामुळे विसरायला होत नाही.

गाडीला बसवायचं इलेक्ट्रॉनिक गंजरोधक यंत्र कसं आहे?

घेऊ नका. जहाजांना आणि जमिनीखालच्या पाइपांना विजेच्या प्रवाहाने गंजापासून वाचवता येतं, कारण ती सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात आणि तो प्रवाह सर्वत्र पोचतो. गाडी हवेत उभी असते. तिथे तो मार्ग पूर्णच होत नाही.

बुटांबरोबर गाडीत येणारं मीठ?

त्याकडे फार दुर्लक्ष होतं. कापडी मॅट काढून उंच कडांच्या रबरी मॅट टाका आणि दर आठवड्याला त्यातलं पाणी बाहेर ओता. खालचा गालिचा ओला राहिला तर काचा आतून धूसर होतात, वास येतो आणि फरशीचा पत्रा आतून गंजतो. काही गाड्यांत वायरींचे जोडही तिथेच असतात. पांढरे डाग पडले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी समप्रमाणात घेऊन फवारा, टिपकागदासारखं फडकं दाबून ओढून घ्या, दोनतीनदा करा. घासू नका, डाग पसरतो.

धुतल्यावर दुसऱ्या दिवशी ब्रेकच्या डिस्क तांबड्या दिसतात!

तो वरवरचा गंज आहे, पहिल्या दोनचार ब्रेकांत निघून जातो. काळजी करायची ती कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिनांची. त्या अडकल्या की एका बाजूचं पॅड लवकर झिजतं. हिवाळ्याचे टायर चढवताना किंवा उतरवताना मेकॅनिकला पिना साफ करून ग्रीस लावायला सांगा. अलॉय चाकं हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, गंजाने चिकटू नयेत म्हणून हबचा चेहराही तेव्हाच घासून घ्या.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर काही वेगळं?

एक गोष्ट नक्की वेगळी. वेग कमी करताना मोटरच बराचसा ब्रेक लावते, त्यामुळे खरे ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्कवरचा गंज घासला जात नाही. अधूनमधून, रस्ता मोकळा असताना, ब्रेक जरा जोरात दाबा. चार्जिंगच्या झाकणाभोवतीचं पाणी पुसा, ते गोठून बसतं. आणि फवारा मारायचा असेल तर इलेक्ट्रिक गाडीचा अनुभव असलेल्याकडेच जा. केशरी रंगाच्या वायरी म्हणजे उच्च दाबाच्या, त्या ओळखणारा माणूस हवा.

लग्नासाठी महिनाभर भारतात जातोय. गाडी कशी ठेवू?

निघायच्या आदल्या एकदोन दिवसांत खालूनवरून धुवा आणि वाळू द्या. मिठासकट महिनाभर उभी ठेवू नका, तीही बेसमेंटच्या उबेत तर मुळीच नाही. हँडब्रेक सोडून ठेवा, सपाट जागी चाकाला ठोकळा लावा. प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, ती ओलावा कोंडते आणि वाऱ्याने रंग घासते. आतल्या मॅट काढून घरात उभ्या करून वाळवा. बॅटरीला जमल्यास मेंटेनर, म्हणजे ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावा. महिन्याच्या थंडीने ती उतरते आणि पहाटे विमानतळावरून दमून आल्यावर ते नको असतं.

सेकंडहँड गाडी घेताना गंज कसा ओळखावा?

विकणाऱ्याच्या दारात गुडघे टेकायची लाज बाळगू नका. मोबाइलचा दिवा लावून रॉकरची खालची कड, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीतल्या स्टेपनीखालचा खळगा बघा. रंगाला फोड आलेले असतील तर समजा आतला पत्रा गेला, फोड म्हणजे बाहेर आलेलं शेवटचं टोक. पुढच्या आणि मागच्या सबफ्रेमवर, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी चौकटींवर, पापुद्रे सुटताहेत का ते बघा. वरवरचा तपकिरी रंग चालतो, पापुद्रे चालत नाहीत. मग पैसे देऊन तुमच्या मेकॅनिककडून लिफ्टवर तपासून घ्या. ओंटारिओत वापरलेली गाडी रस्त्यावर आणायला सेफ्टी प्रमाणपत्र लागतं, पण ते गाडीची तपासणीच्या दिवशीची स्थिती सांगतं. पुढचे पाच हिवाळे गाडी काढेल का, हे त्यात लिहिलेलं नसतं.

कंपनीची गंजाची वॉरंटी असते ना?

असते, पण बहुतेक कंपन्यांची ती पत्र्याला आतून आरपार भोक पडलं तरच लागू होते. वरवरचा गंज, टवक्यांतून सुरू झालेला गंज, ब्रेकच्या नळ्या, एक्झॉस्ट हे सहसा त्यात धरत नाहीत. पुस्तिकेतलं ते पान एकदा वाचून ठेवा.

छोटासा गंजाचा ठिपका दिसला. आत्ताच काही करू का?

ठिपका कोरडा करून त्यावर सध्या थोडं तेल किंवा लॅनोलिन लावा. खरं काम मे महिन्यात करा : चमकदार धातू दिसेपर्यंत घासा, मग गंजरोधक प्रायमर, त्यावर रंग. थंडीत रंग नीट धरत नाही. गंज न घासता वरून रंग मारला तर तो खाली वाढत राहतो.

हिवाळा संपला. आता सोडून दिलं तर चालेल?

सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. एप्रिलमध्ये मीठ टाकायचं थांबतं, पण गाडीच्या कानाकोपऱ्यांत ते असतंच, आणि आता त्याला ऊब आणि पाऊस दोन्ही मिळतात. वर्षातलं सगळ्यांत महत्त्वाचं धुणं हे. घरी गुढीपाडव्याची साफसफाई निघते, तेव्हाच मी गाडीचीही काढतो. त्यानंतर एखादा बर्फ पडतोच, मग तेवढ्यापुरतं परत धुतो.

मॅट, गालिचा, स्टेपनी सगळं बाहेर काढून उन्हात टाका. डिकीचा खळगा पुसून कोरडा करा. बाहेरचा नळ सुरू झाला असेल तर एक युक्ती करा : बागेला पाणी घालायचा भोकाभोकांचा पाइप किंवा छोटं स्प्रिंकलर गवतावर ठेवा, गाडी त्याच्यावर हळू पुढेमागे घ्या आणि पंधरावीस मिनिटं पाणी पोटावर पडू द्या. जोर नसला तरी चालतो. मीठ विरघळायला वेळ लागतो, जोर नाही. मग चाकांच्या कमानीत हात घालून प्लास्टिकच्या अस्तराच्या वरच्या कडेवर साठलेला चिखल बोटांनी खरवडून काढा. माझ्या गाडीत प्रत्येक चाकामागे ओंजळभर निघतो, ओला, राखाडी, वाळूमिश्रित. जिभेला न लावताही तो खारट असणार हे कळतं. शेवटी दारांखालच्या भोकांतून पाणी सोडा आणि वाकून बघत राहा. सुरुवातीला गढूळ येतं. स्वच्छ यायला लागलं की नळ बंद करा.